बाजीराव थोरवतांची दोन पावलं

चषक बाजीराव थोरवतांनी दिलेला आणि पुरुषांच्या संघाचे कर्णधारही तेच, मग बायकांकडून हरणं त्यांना कसं पचावं? पुरुषांना जिंकायला दोन धावा हव्या होत्या अन् त्यांची शेवटची जोडी खेळत होती. बायकांची तुळसा चेंडू टाकायला आली, तर नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला उभे बाजीराव आधीच रेघ सोडून पळाले. तुळसाने चेंडू हातातच ठेवून बेल्स पाडल्या. पंचांनी बोट वर केलं.

"हा रडीचा डाव झाला!" बाजीराव कडाडले. "अपील मागे घे पोरी, नाहीतर चषक घरी नेतो. दोनच पावलं तर पुढं होतो! दोन पावलांनी कुणाचं काय बुडतंय?"

"जाऊ दे गं," मैत्रिणी घाबरून कुजबुजल्या.

"घेते की मागे," तुळसा म्हणाली. "फक्त हेच माईकवर बोला, दादासाहेब. तुमचे बांधकरी सदूभाऊ तिथं बसलेत. बांध कोरून तुमच्या रानात दोन पावलं आले म्हणून सात वर्षं त्यांना कोर्टात खेचताय. त्यांनाही ऐकू दे, दोन पावलांनी काही बुडत नाही ते!"

सदूभाऊ माईक घेऊन लगबगीने पुढे आले. बाजीराव तंबूकडे पळाले. एवढी चपळ धाव त्यांनी साऱ्या डावात काढली नव्हती.