हात राखून मध

पळस आणि मोह दाटीने वाढलेल्या एका जंगलात, ओढ्याच्या काठच्या गुहेत, एक अस्वल राहत असे. स्वभावाने ते अगदी भोळे. कुणाच्या अध्यात नसे की मध्यात. जंगलात त्याचे नाव होते ते त्याच्या लाडवांमुळे. मोहाची वाळवलेली फुले खमंग भाजायची, त्यांत चारोळ्या कुटून घालायच्या आणि मध घालून वळायचे, असे ते लाडू. ही कृती मूळ अस्वलाच्या आजीची. आजीकडून ती आईकडे आली आणि आईकडून त्याच्याकडे. मुलांनो, तुमच्याही घरी असा एखादा पदार्थ असेलच. तो दुसऱ्यांच्या घरी खाल्ला की आपण म्हणतो, छान झालाय, आणि मनात म्हणतो, पण आमच्यासारखा नाही. अस्वलालाही तसेच वाटत असे, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

चुकत होते ते दुसरीकडे. फुले वेचायला अस्वल स्वतः जात नसे, ती माकडे आणून देत. चारोळ्याही माकडेच आणत आणि मधाची पोळीही तीच काढून आणत. बदल्यात त्यांना लाडू मिळत. अस्वलाने गुहेत बसून फक्त लाडू वळायचे आणि बसल्या बसल्या खायचे. सकाळी उठल्यावर चार, दुपारी चार, आणि संध्याकाळी किती ते त्यालाही ठाऊक नसे. मध तर त्या लाडवांतून अक्षरशः ओघळत असे. हळूहळू अस्वल इतके सुटले की गुहेतून बाहेर पडताना त्याला आधी श्वास सोडावा लागे आणि मग अंग चोरून निघावे लागे. तरी त्याचे काही बिघडले नव्हते. त्याला कुठे जायचेच नव्हते ना.

एके दिवशी मात्र जायची वेळ आली. अस्वलाची म्हातारी आई ओढ्यापलीकडच्या उंच कड्यावर एकटी राहत असे. खालच्या जंगलात ये असे अस्वलाने तिला पुष्कळदा सांगून पाहिले होते, पण तिला वरचा वारा आवडायचा. आईचे आणि लेकराचे निरोप कावळा पोचवत असे. हे काम तो आनंदाने करी, कारण वरही खाऊ मिळे आणि खालीही. चैत्र संपत आला असताना कावळ्याने आईचा निरोप आणला. तिला आता धूसर दिसत होते. झाडे दिसत, पण पाने दिसत नसत. पाऊस सुरू झाला की ओढा भरतो आणि कड्याची वाट चार महिने बंद होते. तोपर्यंत डोळ्यांत काही उरेल याची तिला खात्री नव्हती. म्हणून तिने सांगितले होते, "पावसाच्या आधी एकदा येऊन जा. तुझं तोंड नीट बघून घेऊ दे."

अस्वलाने हातातला लाडू खाली ठेवला. ते लगेच निघाले. ओढा कसाबसा ओलांडला, पण कड्याच्या पहिल्याच वळणावर त्याला धाप लागली. दुसऱ्या वळणावर पाय थरथरू लागले. तिसऱ्या वळणावर ते जे बसले ते ऊन उतरेपर्यंत उठलेच नाही. वर बघितले तर कडा अजून तेवढाच होता. मग बिचारे घसरत घसरत खाली आले, आणि कावळ्याला त्याने सांगितले की पायात काटा भरलाय, काटा निघाला की येतो. आईशी खोटे बोलल्याचे त्याला फार वाईट वाटले. त्या रात्रीचा लाडूसुद्धा त्याला गोड लागला नाही.

जंगलात एक कोल्हा होता. सल्ला देण्याची त्याला भारी हौस, आणि कुणी मागेपर्यंत थांबण्याची सवय नाही. तो अस्वलाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "लाडू बंद. आजपासून पाला खायचा आणि सूर्य मावळेपर्यंत पळायचं." अस्वलाने मान डोलावली. घरातले उरलेले लाडू समोर राहिले तर मोह होईल म्हणून कोल्ह्याने ते मडक्यासकट आपल्या बिळात नेले. केवढी ही मित्राची काळजी.

पहिल्या दिवशी अस्वल पळाले, पडले आणि पुन्हा पळाले. दुसऱ्या दिवशी त्याने समोर आलेल्या प्रत्येकावर डाफरून घेतले. ज्याने कधी आवाज चढवला नव्हता ते अस्वल सशाच्या पिल्लांवर खेकसले, तेव्हा सगळ्यांना कळले की पाला काही त्याला मानवत नाही. चौथ्या दिवशी त्याला भोवळ आली आणि ते ओढ्याच्या वाळूत आडवे झाले. पाचव्या दिवशी वाऱ्यावर मोहाचा वास आला. मग काय विचारता. अस्वलाने घरातली होती नव्हती तेवढी फुले भाजली, मधाचे मडके पालथे केले, चाळीस लाडू वळले, आणि दुपार व्हायच्या आत चाळीसच्या चाळीस संपवले. पुढचे दोन दिवस ते पोट धरून गुहेत कण्हत होते.

तेवढ्यात कावळा आला. काटा निघाला का, असे आईने विचारले होते. अस्वलाचा बांध फुटला. काटा वगैरे काही नव्हता हे त्याने कबूल केले, आपल्याला चढवत नाही हेही सांगितले, आणि शेवटी ते रडवेले होऊन म्हणाले, "आईला सांग, तुझ्या लाडवांनी माझा घात केला. ते लाडू नसते, तर मी कधीच वर आलो असतो."

निरोप जड होता. कावळ्याने तो वाटेत थोडा हलका करून पाहिला, पण काही केल्या जमेना, म्हणून जसाच्या तसा पोचवला.  जे लाडू आपल्या आईने शिकवले, ज्यांवर आपण वाढलो, त्यांनी आपल्या लेकराचा घात केला हे आईच्या मनाला लागले. तरी ती रागावली नाही. तिने कावळ्याला समोर बसवले आणि सबंध कृती पहिल्यापासून म्हणून दाखवली. "यातलं काही गाळू नकोस," तिने बजावले. "त्याला सगळं सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी कावळा अस्वलासमोर फांदीवर बसला आणि पाठ म्हणू लागला. पहाटे उठून टेकडीपलीकडच्या मोहापर्यंत चालत जावे. रात्री गळलेली फुले स्वतः वेचावीत. येताना वारूळ दिसले की खणून वाळवी खावी, म्हणजे पोट भरते आणि लाडवाची घाई होत नाही. चारोळ्या स्वतःच्या हाताने फोडाव्यात. पोळ्यासाठी झाडावर स्वतः चढावे. मध हात राखून घालावा. सगळे काम आटोपले की एक लाडू खावा. पाहुणा आला तर अर्धा त्याला द्यावा.

अस्वल थक्क होऊन ऐकत राहिले. आई शिकवत होती तेव्हा ते अगदी लहान होते. पहाटेच्या चालण्याच्या वेळी ते आईच्या पाठीवर झोपलेले असे, आणि जागे होई ते थेट मडक्यापाशी. त्यामुळे कृतीचा शेवटच तेवढा त्याला येत होता. एका गोष्टीबद्दल मात्र त्याला खात्री होती. ते थोडे फुशारकीनेच म्हणाले, "बाकीचं राहिलं असेल माझं, पण मध मी नेहमी हात राखूनच घालतो."

"म्हणजे कसा?" कावळ्याने विचारले. त्याने ते ओघळणारे लाडू पुष्कळदा खाल्ले होते.

"हाताला अजिबात त्रास देत नाही. मडकं उचलतो आणि सरळ उपडं करतो."

 कावळा इतका हसला की त्याची फांदीवरची पकड सुटली आणि तो खालच्या झुडपात पडला. पंख झाडत वर आल्यावर त्याने अस्वलाला समजावले की हात राखून म्हणजे हात आवरून, बेताबेताने. आईला मध वाचवायचा होता, आणि हे महाशय इतकी वर्षे हात वाचवत बसले होते. आणि केवळ मध घालतानाच नव्हे, फुले वेचताना, झाडावर चढताना, सगळीकडेच. अस्वल आधी ओशाळले. मग त्यालाही हसू आले आणि ते पोट धरून हसले, या वेळी दुखत नसताना.

दुसऱ्या दिवशी पहाटे अस्वल टेकडीकडे निघाले. पहिल्या दिवशी मोहापर्यंत पोचायला त्याला दुपार झाली आणि फुले हरणांनी खाऊन टाकली होती. दोन-चार मुठी मिळाली ती घेऊन ते परतले. काम हातचे गेले म्हणून माकडे फुरंगटली, पण चार दिवसांनी तीच त्याच्याबरोबर चालू लागली, कारण वाटेत अस्वलाची फजिती बघायला मजा येई. भूक लागली की ते वारूळ खणे. वाळवी म्हणजे अस्वलांची भाजी-भाकरी. खणताना दंड दुखत, पण वाळवी पोटभर मिळे. पुढे करवंदे पिकली, मग जांभळे आली. आणि सगळे आटोपले की गुहेच्या दारात बसून ते एक लाडू खाई, एकच, पण अगदी चवीचवीने. इतक्या वर्षांत मोहाचा खरा वास त्याला पहिल्यांदाच कळला, एरवी तो मधातच बुडून गेलेला असायचा.

रोज सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही. एकदा झाडावरून घसरून पाठ आपटली, तेव्हा रागाने त्याने तीन लाडू खाल्ले आणि दिवसभर ते पडून राहिले. पण दुसऱ्या पहाटे नेहमीसारखे निघाले. मला या अस्वलाचे सगळ्यांत काय आवडत असेल, तर ते हे. मधे एकदा कोल्हा चौकशीला आला. पाला चालू आहे ना, असे त्याने विचारले. त्याचे स्वतःचे पोट चांगलेच पुढे आले होते. अस्वलाने ते पाहिले आणि त्याच्या हातावर अर्धा लाडू ठेवला.

पाऊस चार दिवसांवर आला होता. त्या दिवशी अस्वलाने पळसाच्या पानांत लाडू बांधले आणि कड्याची वाट धरली. पहिले वळण सहज गेले. तिसऱ्या वळणावर ते थांबले, पाणी प्यायले आणि पुढे निघाले. शेवटच्या चढावर त्याला दम लागला, चांगलाच लागला, पण पाय चालत राहिले.

आई गुहेच्या तोंडाशी बसली होती. पावले वाजली तशी तिने मान वर केली. "जवळ ये," ती म्हणाली. अस्वल जवळ गेले. "अजून जवळ." ते तिच्या अगदी पुढ्यात बसले. आईने त्याचे तोंड दोन्ही पंजांत धरले, आपल्या डोळ्यांजवळ नेले आणि कितीतरी वेळ बघत राहिली. नाक बघितले, भुवया बघितल्या, लहानपणी मधमाशी चावली होती तो कान बघितला. अस्वलाचे डोळे वाहू लागले होते. मग ती काळजीने म्हणाली,

"वाळलास रे."

आता खरे सांगायचे तर अस्वल अजूनही जंगलातले सगळ्यांत जाडजूड अस्वल होते. पण आईला तसे दिसत नाही, आणि त्याला डोळ्यांची धूसर नजर कारण नाही. अस्वलाने पुडी सोडली. दोघांनी एकेक लाडू घेतला. आईने आपल्यातला अर्धा मोडून पुन्हा त्याच्या हातावर ठेवला, आणि तो काही त्याने नको म्हटला नाही.

चार महिने ओढा भरून वाहत होता. वाट मोकळी झाली त्याच पहाटे अस्वल वर पोचले. आई तिथेच बसली होती, पण या वेळी तिने मान दुसरीकडेच वळवली. तिची नजर पार गेली होती. अस्वल तिच्या पायांशी बसले. आपण आधी का आलो नाही, इतकी वर्षे का वाया घालवली, असे काहीबाही ते बोलू लागले. आईने हात पुढे करून त्याचे तोंड चाचपले.

"उगी," ती म्हणाली. "मला दिसतोस की तू. त्या दिवशी बघून ठेवलंय मी."

तात्पर्य : घरचा आवडीचा पदार्थ कधी सोडू नये आणि त्याच्यावर तुटूनही पडू नये. तो स्वतः राबून करावा, बेताने खावा, आणि रोज थोडे चालावे, म्हणजे ज्याने तो शिकवला त्याच्यापर्यंत आपल्याला वेळेवर पोचता येते.