पूस म्हणणारी चिमाक्का

फार वर्षांपूर्वी, हिवरखोरीच्या ओढ्याला बारा महिने पाणी असायचं तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याकाठी चिमाक्का कुंभारीण राहायची. अंगाने काटकुळी, तोंडाने फटकळ. तिने माठावर काढलेला मासा माठात पाणी ओतलं की शेपटी हलवायचा, असं म्हणतात.

आता झालं होतं असं, की वसुबारसेला गोठ्याच्या भिंतीवर काव-चुन्याने गाय काढायची गावाची रीत. पण बायका काय करायच्या, तर गेल्या वर्षीची पुसट गाय बघून त्यावरून नवी काढायच्या. आजेसासूची चूक सासूने गिरवली, सासूची सुनेने. होता होता गायीची शिंगं कानांतून उगवायला लागली आणि कास पुढच्या पायांत जाऊन बसली. बरं, खरी गाय पाठीमागेच रवंथ करत बांधलेली! पण मान वळवायचे कष्ट कोण घेणार? चिमाक्काचा नुसता संताप व्हायचा. मग ती ओला बोळा घेऊन दारोदार फिरायची.

“पूस! आगं, ही गाय हाय का खाट? बघ की तिच्याकडं, शिंग कुठनं निघतंय!”

“आमच्यात अशीच काढत्यात, चिमाक्का.”

“मग खाटंलाच वैरण घाला!”

सगळ्यांनी तिच्या तोंडावर दारं लावली. उरली एकटी बनू. नवरा वारलेला, पदरी लहानगं लेकरू आणि दारात तांबू गाय, एवढाच तिचा संसार. तिला तर धड रेघही ओढता यायची नाही. ती काढायची, चिमाक्का पुसायची.

“डाव्या कानाची खाच कुठं गेली? बघितलीस? मग हितं का न्हाई? माझं कपाळ, पूस!”

बनू रडायची, नाक ओढायची आणि पुन्हा गायीकडे बघायची. दोघींनाही एकमेकींचा वीट आला होता, असं म्हणतात.

मग एका उन्हाळ्यात, कधी नव्हे तो, ओढा आटला. चार गावांनी आपल्या गायी लांबच्या एका कुरणात, तिथल्या नायकाकडे पाठवल्या. पाऊस झाल्यावर गावोगावची बायामाणसं त्या आणायला गेली, तर सगळी जनावरं एकत्र मिसळलेली. जो तो दुभत्या गायीवर हात ठेवून माझीच म्हणायला लागला. हाका मारून बघितल्या, तर एवढ्या कालव्याने गायीच बावरल्या. बनूचं लेकरू दुधावाचून वाळलं होतं. तांबू मिळाली नाही तर ते जगायचं नाही, हे तिला दिसत होतं.

शेवटी नायक वैतागला. “समदी कुंपणाभाईर व्हा! जिची गाय तिनं माझ्या गोठ्याच्या भिंतीवर काढून दावावी. जुळली तर न्या.”

हिवरखोरीच्या बायका खूश! गाय तर त्या दर वर्षी काढायच्या. पटापटा काढून मोकळ्या झाल्या. नायकाने भिंत बघितली आणि पोट धरून हसला. “आवं, ही समदी येकच गाय हाय. आन् कानात शिंगं असलेली गाय माझ्याकडं न्हाई.”

चिमाक्काने कपाळावर हात मारला. शेवटी बनू उठली. कोळसा घेऊन काढायला लागली, रेघा वाकड्यातिकड्या येत होत्या. चिमाक्काने सवयीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. डाव्या कानाला खाच होती. एक शिंग खाली वळलेलं होतं, मागचा एक खूर पांढरा सोडलेला होता. सगळं जिथल्या तिथे होतं. चिमाक्काच्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात तांबू कुंपण मोडून आली, भिंतीवरची गाय चाटायला लागली आणि तिला असा पान्हा फुटला की भिंतीखाली दुधाचं तळं साचलं, असं म्हणतात.

मग काय, बाकीच्या बायका चिमाक्काच्या पायाशी. ओढ्यावर पाण्याला येणारी गावातली गाय न् गाय तिने निरखलेली होती. ती एकेकीची खूण सांगत गेली, बायका काढत गेल्या, आणि नायकाने हसत तेवढं चालवून घेतलं. पण पूस-पूस म्हणून चिमाक्काचा घसा बसला तो कायमचा.

ती गेल्यावर गावाने ठरवलं, ओढ्याच्या देवळात चिमाक्काचं चित्र काढायचं. बनूच बसली काढायला. पण नाक कसं होतं तिचं? कुंकू आडवं की गोल? इतकी वर्षं ती पाठीशी उभी राहून ओरडली आणि बनूची नजर सदा गायीवर. गावात विचारलं, तर कुणालाच सांगता येईना. बनूने काढलं, पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. शेवटी भिंतीवर ओल्या बोळ्याचा डाग तेवढा राहिला. बनू त्याच्यासमोर बसून खूप रडली.

आजही हिवरखोरीत वसुबारसेला भिंतीवर पहिली गाय काढली, की घरातली थोरली बाई “पूस!” म्हणून ओरडते. कितीही देखणी असली तरी ती गाय पुसतात. मग सगळ्याजणी गोठ्यात जाऊन गायीसमोर गुमान बसतात आणि त्यानंतर दुसरी काढतात. तिच्या पाठीमागे पहिलीचा पुसलेला डाग तसाच ठेवतात. हळदीकुंकू आधी त्या डागाला लागतं, मग गायीला.