कोंडिबाचं लोणी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत. फार नव्हे, कामापुरतं. माणसं मात्र तेव्हाही आतासारखीच बोलत, म्हणजे कामापेक्षा जास्त.

एका राज्यात एक नदी होती आणि नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. आपण ज्या काठावर बसून गोष्ट ऐकतो आहोत त्या काठावरच्या गावाला अलीकडचं गाव म्हणू आणि समोरच्याला पलीकडचं. पलीकडचे लोकही स्वतःच्या गावाला अलीकडचंच म्हणत असतील, पण ते आपण सोडून देऊ.

नदीच्या मधोमध एक बेट होतं आणि बेटावर राजाचं कुरण होतं. उन्हाळ्यात दोन्ही काठांवरचं गवत करपलं तरी बेटावर हिरवा चारा असे. पण तो एकाच गावाच्या गुरांना पुरेल इतका. म्हणून राजानं नियम घालून दिला होता, की उन्हाळा तोंडावर आला की दोन्ही गावांनी माळावर बैलगाड्यांची शर्यत लावावी. ज्याची गाडी पुढं, त्याच्या गुरांना बेट. हरलेल्या गावानं झाडपाला घालून गुरं जगवावीत, आणि जी जगणार नाहीत त्यांचं दुःख करावं.

कित्येक वर्षं ही शर्यत अलीकडचं गावच जिंकत आलं होतं. गाडी हाकायचा हैबती. त्याची जोडी वजीर आणि पाखऱ्या. पाखऱ्या अबोल होता, त्याच्याविषयी सांगण्यासारखं फार नाही. वजीरची गोष्ट वेगळी. त्याची आई तो अगदी लहान असतानाच मेली. हैबतीनं आणि त्याच्या बायकोनं, चिमाबाईनं, दुधात चिंधी भिजवून त्याला चोखवलं आणि वाढवलं. तो हैबतीला ‘धनी’ म्हणे, आणि हैबतीला ते ऐकलं की बरं वाटे. गावाला शर्यत कुरणासाठी जिंकायची असे. आपलं लेकरू हरलं असं कुणी म्हणू नये, एवढीच हैबतीची हौस होती.

मुख्य शर्यतीच्या महिनाभर आधी चाचणीची एक धाव होई. तिच्यात हारजीत नसे. बैल, चाकं, रस्ता सगळं नजरेखालून घालायचं, एवढंच. त्या वर्षीच्या चाचणीत एक अघटित घडलं. पलीकडच्या गावचा कोंडिबा, ज्याची गाडी नेहमी लोक घरी निघाल्यावर पोचायची, तो हैबतीच्या पुढं निघून गेला. थोडाथोडका नव्हे, चांगला दहा गाड्या मावतील इतका पुढं.

अलीकडच्या गावात त्या दिवशी चुली उशिरा पेटल्या. सगळे पारावर जमले होते.

“कानामागून आली आन् तिखट झाली,” पाटील म्हणाले. “गेल्या साली हेच बैल खुरडत व्हते.”

“बैल तेच हाईत कशावरनं?” कुणीतरी शंका काढली.

“बैल तेच. गाडी बी तीच,” गावचा लोहार म्हणाला. तो गाड्यांचे लोखंडी आस, म्हणजे चाकं ज्यावर फिरतात ते दांडे, घडवत असे, म्हणून सगळे त्याच्याकडं वळले. “गोम आसात हाय. राजाचे पंच आस मोजत्यात सकाळच्या गारव्यात. तवा त्यो मापात बसतो. पर उन्हात पळायला लागला की लोखंड तापतं, आन् तापलं की आस माप सोडतो. मंग चाक कसं भिंगरीवानी फिरतं! गार असताना नियमात, तापला की नियमाभाईर.”

हे बोलणं फार कुणाला कळलं नाही, त्यामुळं ते सगळ्यांना पटलं.

गावच्या वैद्याला पटलं नाही. त्याच्या मते बैलांना जंगलातली एखादी मुळी दिली जात होती. पाटलांच्या मेहुण्याला वाटत होतं, की खुरांत काहीतरी आहे. पराचा कावळा करायला एक पर तरी लागतो. इथं तेवढाही नव्हता, तरी संध्याकाळपर्यंत पारावर कावळ्यांचा थवा जमला.

हैबती सगळ्यांचं ऐकत होता. ऐकता ऐकता त्याला एकच गोष्ट कळली, की आपला वजीर हरलेला नाही, त्याला हरवण्यात आलं आहे. हे कळल्यावर त्याला जरा हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं जोडीचा सराव वाढवला. गाडीत दगड भरले आणि दिवस दिवस माळावर गाडी पळवली. शेतातलं काम होतंच. थोड्याच दिवसांत जू घासून घासून वजीरचा खांदा सुजला.

“धनी, खांदा ठणकतोय,” वजीर म्हणाला.

“दम काढ रं,” हैबती म्हणाला. “आधी कोंडिबाच्या बैलांचं काय ते कळू दे.”

इकडं गावानं राजाच्या पंचांकडं तक्रार नेली. पंच म्हातारे होते आणि त्यांनी आयुष्यभर भांडणंच ऐकली होती. त्यांनी विचारलं, “तुमचं म्हणणं काय? ते जोरात पळाले, हा गुन्हा?”

“जोरात पळाले ह्यो गुन्हा न्हाई, महाराज,” पाटील म्हणाले. “येवढ्या जोरात पळाले, ह्यो गुन्हा. आस भर दुपारी मोजा.”

पंच भर दुपारी पलीकडच्या गावात गेले. तक्रार करणारे सगळे मागोमाग होतेच. कोंडिबाची गाडी उन्हात पळवून आणली आणि तापलेला आस मोजला. पंचांची बोटं भाजली. आस मापात होता. मग खुरं खरवडून पाहिली, दावण धुंडाळली, बैलांच्या तोंडांचा वास घेतला. वास कडब्याचा येत होता.

शेवटी पंचांनी कोंडिबालाच विचारलं, “बाबा रे, तूच सांग. काय करतोस तू या बैलांना?”

कोंडिबा साधा माणूस. त्यानं डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं आणि म्हणाला, “काय न्हाई, महाराज. औंदापासनं रोज सांजच्याला बैलांना लोणी लावतो.”

हे ऐकून पंच मोठ्यानं हसले. आता माणसं माणसांना लोणी लावतात, पाटलाला लावतात, सासऱ्याला लावतात; बैलाला कोण लावणार? पलीकडचे हसले, अलीकडचे संतापले. कोंडिबाला मात्र आपण काय विनोद केला ते समजलं नाही. त्यानं खरं तेच सांगितलं होतं.

आता बैलाच्या खांद्याला लोणी लावतात, हे अलीकडच्या गावाला माहीत नव्हतं असं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरोघर खांदेमळणी होई. हळद आणि लोणी घेऊन बैलांचे खांदे चोळायचे, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं, ही वाडवडिलांपासूनची रीत होती. पण ते सणाचं काम. सण नसताना कुणी उगाच बैलाचा खांदा मळत बसेल, हे गावातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. पोळा तर श्रावणात, आणि आता कुठं पानगळ चालू होती.

परत येताना नावेतच अर्थ लावायला सुरुवात झाली.

“पंच हसले,” पाटील म्हणाले. “कळलं का काय? लोणी बैलांना न्हाई, पंचांना लागलंय.”

“तसं न्हाई,” वैद्य म्हणाला. “मानूस थट्टेत खरं बोलून जातो. लोणी हाय, ह्ये पक्कं. लावत न्हाईत, चारत्यात. लोण्यानं अंगात ताकद भरती, ह्ये कुनी बी सांगंल.”

हैबतीनं हे ऐकलं आणि त्याला वाटलं, चला, सापडलं एकदाचं.

त्या दिवसापासून अलीकडच्या गावात जेवढं ताक घुसळलं गेलं त्याचं सगळं लोणी हैबतीच्या गोठ्यात येऊ लागलं. पोरं कोरडी भाकरी खाऊ लागली. आया कुरकुरल्या, पण कुरणाचा प्रश्न होता. हैबती लोण्याचे गोळे करी आणि वजीरच्या तोंडात कोंबी.

“धनी, हे नको,” वजीर म्हणे. “पोटात ढवळतंय. आणि खांदा बघा ना जरा.”

“खा रं, खा. कोंडिबाचे बैल खात्यात.”

चिमाबाई रोज गोठा झाडायची. तिनं एकदा सांगून पाहिलं. “वजीर पानी प्यायला मान खाली घालतो तवा कण्हतो, वो. आन् श्यान बी पातळ झालंय.”

“आगं, लोणी अंगी लागतंय त्याच्या,” हैबती म्हणाला. “तू मला येवढं सांग, कोंडिबाची बायकू तुला नदीवर भेटती न्हवं? ती किती लोणी काढती, ते काढून घे.”

चिमाबाईनं काढून घेतलं. कोंडिबाची बायको रोज जेमतेम लिंबाएवढं लोणी काढते, असं कळलं. यावर पारावर बराच खल झाला आणि ती बाई खोटं बोलते, असं ठरलं.

महिना सरला आणि शर्यतीचा दिवस उजाडला. दोन्ही गावं माळावर लोटली. वजीर पोटानं ढिला पडला होता आणि खांद्यावर सूज चांगली नारळाएवढी होती. जू ठेवताना तो थरथरला.

“धनी,” तो म्हणाला, “आज जमायचं नाही.”

हैबतीनं ते ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही. पण त्याचे डोळे शेजारच्या गाडीकडं होते. कोंडिबाच्या बैलांच्या अंगावर काही बांधलंय का, पाणी पाजलंय ते पाणीच आहे का, कोंडिबा त्यांच्या कानात काय पुटपुटतोय, हे सगळं त्याला पाहायचं होतं.

निशाण पडलं. गाड्या सुटल्या. सुरुवातीला वजीर जिवाच्या आकांतानं धावला, कारण त्याला हैबती पूर्वी कसा होता ते आठवत होतं. निम्म्या माळापर्यंत गाड्या बरोबरीनं होत्या. मग जू खांद्यात रुतलं, सूज फुटली आणि वजीर गुडघ्यांवर बसला. पाखऱ्या थोडा ओढला गेला आणि थांबला. गाडी तिरकी झाली. हैबतीनं चाबूक उगारला, पण जुवाखालून रक्त ओघळताना पाहून त्याचा हात तसाच राहिला.

कोंडिबाची गाडी पुढं गेली आणि पोचली. पलीकडच्या गावानं हलगी वाजवायला घेतली. कोंडिबा गाडीतून उतरला, पण नाचायला गेला नाही. तो माळ तुडवत मागं आला, जिथं वजीर बसला होता तिथं. अलीकडचे लोक भोवती उभे होते आणि वजीरच्या खांद्याकडं पाहायचं सोडून कोंडिबाच्या हातांकडं पाहत होते.

त्यानं हैबतीच्या मदतीनं जू उतरवलं. कमरेची चंची सोडली, तिच्यातल्या डबीतून बोटभर लोणी घेतलं आणि जखमेच्या कडेकडेनं, जिथं नुसती सूज होती तिथं, हलक्या हातानं चोळू लागला. चोळता चोळता तो वजीरच्या तोंडाशी वाकला.

“लई दुखतंय का रं?” त्यानं विचारलं.

वजीरनं डोळे मिटले.

“होय, धनी,” तो म्हणाला.

हैबती तिथंच उभा होता. चिंधीनं दूध पाजून वाढवलेला बैल दुसऱ्याला धनी म्हणाला होता, आणि महिनाभरात हा प्रश्न आपण त्याला एकदाही विचारला नव्हता, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं. त्याला लाज वाटली. कुरण गेल्याचं दुःख त्याला नंतर झालं असेल, पण त्या वेळी नाही.

त्यानं वजीरचा कासरा सोडवून घेतला आणि कोंडिबाच्या हातात दिला.

“न्हे बाबा,” तो म्हणाला. “तुझ्याकडं जगंल.”

कोंडिबा नको नको म्हणाला. वजीर कसाबसा उठला आणि कोंडिबाच्या मागं सावकाश चालत नदीकडं गेला. पुढं त्याचा खांदा भरून आला, पण त्यावर पुन्हा कुणी जू ठेवलं नाही. त्या उन्हाळ्यात अलीकडच्या गावातली बरीच गुरं गेली. पाखऱ्या वाचला. हैबती रोज संध्याकाळी त्याचा खांदा मळू लागला, आणि पाखऱ्या, जो कधी बोलत नसे, तो हळूहळू दोन शब्द बोलू लागला.

गावाचं म्हणाल, तर ते अजून पारावर बसलेलं आहे. कोंडिबानं डबीतून काढलं ते नक्की लोणीच होतं का, यावर तिथं अजून एकमत झालेलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या बैलात काय भरलंय हे हुडकत बसणाऱ्याला आपल्या बैलात काय उरलंय ते दिसत नाही.