फायरवॉलचं दार

“…मग फायरवॉलच बंद करून टाकू का, बाबा?”

मठाच्या दवाखान्यात लॅपटॉपपुढे बसलेल्या ऋत्विजने विचारलं. सकाळपासून त्याची काही मात्रा चालत नव्हती. पुण्याहून आलेला, नेटवर्कच्या परीक्षांत पहिला आलेला हा शिष्य. “चहा होईपर्यंत जोडून देतो,” असं काल सगळ्यांदेखत म्हणून बसला होता. काहींना राहवतच नाही.

निरंजनबाबा खिडकीशी तूर निवडत होते. मठात येण्याआधी त्यांची उमेदीची वर्षं असलीच यंत्रं जोडण्यात गेली होती.

“दार उघडेना म्हणून भिंत पाडायची?”

“दुसरं काय करू? व्हीपीएन जोडलाच जात नाही. राउटरचा पत्ता बरोबर, नाव बरोबर, पासवर्ड बरोबर… पुन्हा पुन्हा तपासलं!”

शेजारच्या खोलीत बुधीबाईला हलू न देता निजवलं होतं. घर शाकारताना ती छपरावरून पडली होती. तिच्या मानेचा एक्स-रे दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर होता, आणि नाशिकचे डॉक्टर बेलसरे तो आपल्या घरून, व्हीपीएनने, म्हणजे बाहेरून मठाच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेने, पाहणार होते. रुग्णाचं काहीही उघड्यावर पाठवायचं नाही, हा मठाचा नियम. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय तिला घाटातून न्यायची सोय नव्हती. आणि स्वतः जोडून खात्री केल्याशिवाय ऋत्विज त्यांना सेटिंग पाठवायला तयार नव्हता.

बुधीबाईचा नवरा दारात येऊन उभा राहिला.

“बाबा… मान मोडली नसंल ना?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ऋत्विजकडे.

“लॅपटॉपला नेट कुठलं?”

“आपलंच वायफाय. इथं रेंज फार छान…”

बाबांनी सूप बाजूला सारलं, लॅपटॉप उचलला आणि चालू लागले.

“बाबा! अहो, काम चाललंय माझं!”

बाबा थांबले नाहीत. अंगण संपलं. फाटक मागे पडलं. वायफाय तुटलं तरी ते चालतच होते. शिष्य मागून खडीवर अनवाणी, ओय ओय करत; त्याच्यामागे बुधीबाईचा नवरा.

रस्त्याकडेच्या दगडावर बाबांनी लॅपटॉप ठेवला.

“मोबाइलचं नेट घे. आता जोड.”

“तीच सेटिंग? काहीच न बदलता?”

बाबांनी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

ऋत्विजने बटण दाबलं.

‘कनेक्टेड.’

तो असा ओरडला की फाटकावरचे पारवे उडाले.

“लागलं! बाबा, लागलं! आणि फायरवॉल जागच्या जागी!”

तिथेच उकिडवं बसून त्याने डॉक्टरांना सेटिंग पाठवली. सगळे फोनकडे डोळे लावून…

फोन वाजला.

“एक्स-रे अगदी स्वच्छ दिसतोय,” डॉक्टर म्हणाले. “हाड शाबूत आहे. मुका मार आहे नुसता. उठवून बसवा तिला.”

नवरा हसू लागला. हसता हसता रडू लागला. ऋत्विजने त्याला मिठीच मारली. एवढा आनंद त्याला कुठल्याच निकालाच्या दिवशी झाला नव्हता.

मग तो बाबांपुढे आला. खडीने पाय सोलवटलेले, तोंडभर हसू.

“बाबा, सकाळपासून आत शिरायला धडपडत होतो. सगळं तर बरोबर होतं. मग चुकलं कुठं?”

बाबा फाटकाकडे वळले होते.

“आतच बसला होतास.”