पहिली गोळी कुणी झाडायची?

“उस्ताद, ही... ही तीच पावडर आहे का?”

मृण्मयी हुक्केरीनं नव्या डब्याचं झाकण नुसतं कलतं केलं होतं. आधीच्या पावडरचे कण कपाळावरच्या टिकलीसारखे चपटे, इवलेसे असायचे. हे मात्र करड्या खसखशीसारखे गोल होते.

बाबालाल शिकलगार खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

“तुला काय वाटतं?”

“वेगळी वाटतेय.”

“मग वेगळी.”

“पण मग आपल्या वहीतलं माप?”

“ते जुन्या बारुदीचं.”

“मग हिचं किती?”

उस्तादांनी डोळे काही उघडले नाहीत.

“शोध.”

मिरजेबाहेरच्या एका रायफल क्लबच्या मागच्या अंगाला पत्र्याची खोली होती. तिथं परवान्यानिशी क्लबच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरली जायची. पितळी पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आत मोजून पावडर, वर शिशाची गोळी. चाळीस वर्षं हे काम उस्तादांनी केलं. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, म्हणून दोन महिन्यांपूर्वी खोलीची किल्ली त्यांनी मृण्मयीच्या हातात ठेवली. पोरगी संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, हिशेबाला चोख. फक्त पुंगळी टेबलावरून घरंगळली तरी ती दोन पावलं मागं उडायची.

खोलीचा एकच रिवाज होता. नवं माप भरलं की पहिली गोळी उस्ताद झाडायचे. स्वतःच्या उजव्या हातानं, भरणाऱ्याच्या शब्दावर. पावडर कमी पडली तर गोळी नळीतच अडकायची, जास्त झाली तर रिव्हॉल्व्हर मुठीतच फुटायची. असं का करता, म्हणून कुणी विचारलं तर उस्ताद म्हणत, “भरणाऱ्याला डुलकी लागू नये म्हणून.”

रविवारी सामने होते. चाळीस काडतुसं हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मृण्मयी कागद नाचवत आली.

“मिळालं, उस्ताद! तिघांना विचारलं.”

क्लबचे सर्वांत जुने नेमबाज बापूसाहेब इंगवले. त्यांनी मिशीवरचा हात न काढता एका दमात आकडा सांगितला होता. दंतवैद्य लेंगरे डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडात यंत्र चालू असतानाच सांगितला. तिसरा मोबाईलवरच्या एका गटात कुणीतरी टाकला होता, वर अंगठ्याचं चित्रही लावून. (आकडे इथं मुद्दाम देत नाही. वाचणाऱ्यांतही एखादे बापूसाहेब निघायचे.)

“तिघांचे तीन वेगळे आले,” मृण्मयी म्हणाली. “म्हणून मी सरासरी काढली.”

उस्तादांनी मान तिच्याकडे वळवली.

“बापूसाहेबांचा बूट कितीचा गं?”

“अं... दहाचा असेल.”

“डॉक्टरांचा?”

“सहाचा?”

“आणि तुझा?”

“चारचा.”

“काढ सरासरी.”

“सहा पूर्णांक सदुसष्ट,” ती बोलून गेली आणि मग जीभ चावली.

“आता तसला बूट घालून तिघंही पळा.”

...

मग उस्तादांनी बाही कोपरापर्यंत दुमडली आणि उजवा हात टेबलावर ठेवला.

“बरं. भर. मी झाडतो.”

तिनं तराजू पुढं ओढला. चिमटीनं पावडर सोडू लागली. तो हात तिच्या समोरच होता. सुरकुतलेला, काळ्या तेलाच्या रेघा भरलेला. पाच बोटं, पाचही शाबूत. तराजूचा काटा काही केल्या एका जागी ठरेना.

“उस्ताद, मला नाही जमत.”

“का?”

तिनं नुसतं त्या हाताकडे पाहिलं.

तेवढ्यात दारात बापूसाहेब. त्यांच्या ‘काय गं’नं ती अशी दचकली की चिमटीतली पावडर टेबलाखाली सांडली.

“अजून भरली नाहीस? लेकी, मी सांगितलं ना माप! तीस वर्षं झाडतोय मी.”

“बरं झालं आलात,” उस्ताद म्हणाले. “भर गं, बापूसाहेबांच्या मापानं. पहिली तेच झाडतील.”

बापूसाहेबांचा हात मिशीवरच थबकला.

“मी? हां... झाडू की. म्हणजे, त्यातलं किंचित कमी कर.”

तिनं कमी केलं.

“अजून जरा.”

तिनं केलं.

“अजून... एवढुसं.”

“काका, आता ताटलीत काहीच उरलं नाही.”

“हां,” बापूसाहेब म्हणाले, “हे बरोबर वाटतंय.”

मग त्यांचा खांदा दुखू लागला. घरी तेल लावायचं राहिलं होतं म्हणे. ते गेले.

उस्ताद हसले नाहीत. दाढीत मात्र काहीतरी हललं.

“डब्यावर काय लिहिलंय?”

“पावडरचं नाव... लॉटचा नंबर... आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेचा फोन.”

“केलास?”

मृण्मयीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मेसेज ती कुणालाही करी. पण फोन म्हटलं की तिच्या तळहातांना घाम सुटे.

“अनोळखी लोक असतात, उस्ताद. काय म्हणतील...”

“बापूसाहेब ओळखीचेच होते.”

तिनं फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. तिला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. पुन्हा लावला. कुणी नाही. जेवणाची सुट्टी असेल. तिसऱ्यांदा लावला. चौथ्यांदा. टेबलावर उस्तादांचा हात तसाच होता, बाही दुमडलेली. रविवार परवावर आला होता. त्याआधी हा हात रिव्हॉल्व्हर धरणार होता, आणि तिच्याच शब्दावर धरणार होता.

पाचव्यांदा लावला.

“हॅलो?”

फोन हातातून निसटला. तिनं तो हवेतच झेलला.

पलीकडे कुणी वयस्कर बाई होत्या. त्यांनी आकडा सांगितला नाही. प्रश्नच विचारत सुटल्या. लॉट कुठला? काडतूस कुठलं? गोळी नुसत्या शिशाची की वर तांब्याचं आवरण? वजन किती? रिव्हॉल्व्हर किती जुनी? मृण्मयी धापा टाकत एकेक सांगत गेली. तिघांपैकी एकानंही यातलं काही विचारलं नव्हतं.

मग पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

मृण्मयीनं फोनवर तळहात दाबला. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

“उस्ताद, या तर म्हणतात, मला तोंडपाठ नाही. पुस्तक काढून बघावं लागेल. धरून ठेव म्हणाल्या. आता काय करायचं?”

उस्ताद पहिल्यांदाच खुर्चीत ताठ बसले. दुमडलेली बाही त्यांनी सावकाश खाली सोडली.

“आता पेन्सिल घे.”