द्यूतमहालाची भिंत

एका राज्यात निळ्या पाण्याचं एक सरोवर होतं, आणि ते पाहायला देशोदेशीचे प्रवासी यायचे. दिवाळीच्या पाडव्याला सरोवराच्या घाटावर सारीपाट मांडले जायचे. काय ते दिवस होते! गावकरी, प्रवासी, खुद्द राजा वीरकेतू, सगळे एका ओळीत मांडी घालून बसायचे. रीत अशी की खेळणाऱ्याच्या पाठीशी त्याच्या घरचं माणूस बसणार. त्याने खांद्यावर हात ठेवला की डाव संपला. मग जिंकायला एक घर का उरलेलं असेना, उठायचं म्हणजे उठायचं! राजाच्या पाठीशी राणी बसायची. "उठावं आता," ती म्हणायची, आणि एवढा मोठा राजा मुकाट्याने उठायचा. राजकन्या मृगांका तेव्हा लहान होती. आईच्या शालीत शिरून ती वडलांचा पडलेला चेहरा बघायची आणि खुदुखुदु हसायची.

पुढे राणी गेली. त्या वर्षीच्या पाडव्याला राजाच्या पाठीशी कुणीच नव्हतं. तो खेळत राहिला, खेळतच राहिला, आणि शेवटी राणीचा मोत्यांचा हार हरून बसला. शरमेने त्याने दवंडी पिटवली, "या राज्यात द्यूत नाही."

झालं! घाट ओस पडला. पण खेळ का असा कुठे जातो? सरोवरातल्या बेटावर राणीचा तो हार जिंकून नेलेल्या कुटिलाक्ष नावाच्या मांत्रिकाने मंत्र टाकून महाल उभा केला. तिथे प्रत्येक खेळणाऱ्याची पाठ संगमरवरी भिंतीला टेकलेली असे. मागे बसायला जागाच नाही. हरलेला माणूस दगडी सोंगटी होऊन पटावर पडे. प्रवासी हौसेने नावेत बसत आणि परतत नसत. प्रधान भीत भीत काही सांगू लागला की राजा म्हणे, "या राज्यात द्यूत नाही." विषय तिथेच मिटायचा.

एके दिवशी मृगांकेचा धाकटा भाऊ जयध्वज त्या नावेत बसला.

राजवाड्यातली साळुंकी उडत आली. "राजकन्ये, तुझा भाऊ हिरवी सोंगटी झाला," ती म्हणाली. आई गेल्यापासून त्या पोराला मृगांकेनेच घास भरवले होते. ती तडक बेटावर गेली, आणि साळुंकी कुरकुरत तिच्या मागोमाग.

"माझा भाऊ दे," मृगांका म्हणाली.

"तीन डाव जिंक," कुटिलाक्ष म्हणाला. "पहिल्याला तुझी सावली पणाला. दुसऱ्याला तुझा आवाज. तिसऱ्याला तुला आठवतो तो आईचा चेहरा."

मृगांका भिंतीला पाठ लावून बसली. पहिला डाव तिने जिंकला. दुसरा जिंकताना तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिसऱ्याला तिने डोळे मिटले, आईला जीव भरून पाहून घेतलं आणि फासे टाकले. जिंकली! हिरवी सोंगटी तडकली आणि जयध्वज डोळे चोळत उभा राहिला.

"ताई, घरी चल," तो म्हणाला.

तेव्हाच उठती तर गोष्ट इथेच आटोपली असती. पण कुटिलाक्षाने पटावर मोत्यांचा हार ठेवला. आईचा हार! त्याला अजून आईच्या चंदनाचा वास होता.

"आणखी एकच डाव," मृगांका म्हणाली.

"पणाला काय?"

तिने मान वळवूनही पाहिलं नाही. "हा माझा भाऊ," ती म्हणाली.

त्याच क्षणी जयध्वजाचे पाय पुन्हा दगडाचे झाले. साळुंकी ओरडली, "अगं भवाने, ऊठ!" तिने राजकन्येच्या खांद्यावर चोच मारून पाहिली, पण चोचीने कोण उठतंय? "मेलं, मला हात असते तर!" म्हणत ती भुर्रकन उडाली ती थेट राजसभेत.

"महाराज, बेटावर तुमची मुलगी तुमच्या मुलाला हरते आहे."

राजाचे ओठ सवयीने हलले, "या राज्यात..."

"पुरे झालं आता!" साळुंकी म्हणाली.

राजा सिंहासनावरून उठला. भर दुपारी, सगळ्या प्रवाशांच्या देखत नावेत बसला आणि महालाच्या मागच्या बाजूला उतरला. पलीकडे मृगांका होती, मध्ये भिंत. त्याने भिंतीवर मुठी आपटल्या. तेव्हा भिंत राजाच्याच आवाजात बोलली, "या राज्यात द्यूत नाही."

राजाच्या मुठी थांबल्या. आपल्याच शब्दांवर ही भिंत उभी आहे, हे त्याला उमगलं.

"आहे!" तो मोठ्याने म्हणाला. "माझ्या राज्यात द्यूत आहे, आणि मला ते ठाऊक होतं. राणी गेल्यावर मला उठवणारं कुणी राहिलं नाही, म्हणून मी खेळच नाही म्हणालो."

भिंत दुभंगली. मृगांकेच्या मुठीत फासे होते. राजाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ, बाळ."

"बाबा, आईचा हार..."

"राहू दे. ऊठ."

मूठ उघडायला वेळ लागला. पण उघडली, आणि फासे जमिनीवर पडले. मृगांका भावाच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. पटावरच्या सगळ्या सोंगट्या माणसं होऊन उठल्या. महाल पाण्यात विरला, कुटिलाक्ष विरला, आणि त्याच्याबरोबर तो हारही कायमचा गेला.

राजाने बंदी उठवली, पण मोकळं रान काही दिलं नाही. खेळ घाटावर, उजेडात आणि राजाच्या माणसांच्या नजरेखाली चालायचा. जे आपलं, तेवढंच पणाला लावायचं. पाठीशी माणूस नाही त्याला फासे नाहीत.

पाडव्याला घाट पुन्हा भरला. दूरदेशीचा एक म्हातारा प्रवासी एकटाच आला. नियम ऐकला आणि माघारी वळला. "माझं कुणी नाही," तो म्हणाला.

जयध्वज जाऊन त्याच्यामागे उभा राहिला. "बसा आजोबा. मी आहे पाठीशी."

"तू मला मध्येच उठवशील."

"उठवीन."

म्हातारा परत वळला. मग हळूच पटाशी बसला. "उठव हो," तो म्हणाला, "मला कुणी ऊठ म्हटल्याला फार वर्षं झाली."