शेपटीवाल्या राजकन्येची बखर

एका राज्यात तीन राजे दगडाचे झाले होते आणि कारभार उत्तम चालला होता. पणजोबा, आजोबा, बाप. तिघंही राजवाड्याच्या अंगणात ओळीनं बसलेले. प्रथाच होती तशी. राज्याभिषेकाला नवा राजा सिंहासनावर बसायचा, बखरनवीस त्याची बखर वाचायचा, आणि वाचन संपेपर्यंत राजाचा दगड व्हायचा. लोक टाळ्या वाजवायचे. राजा बोलत नाही म्हणजे विचार करतोय, असं सगळे धरून चालायचे.

आता पाळी होती राजकन्या कुवलयेची. तिला हातभर शेपटी होती, राग नाकावर होता, आणि राक्षसांच्या गोष्टी रचून ती रोज बापाच्या मूर्तीला वाचून दाखवायची. बाप ऐकायचा. दुसरा इलाज नव्हता त्याला.

बखरनवीस सोमाजीपंत म्हणाले, "बखर तयार आहे. राजकन्या शांत, गंभीर, बिनशेपटीच्या. फालतू गोष्टी रचत नाहीत."

"ही कोण?"

"आपणच, बाईसाहेब."

"मग मी कोण?"

"ते बखरीत नाही."

कुवलया पाय आपटत अंगणात आली. बापाच्या डोक्यावर साळुंकी बसली होती.

"खोटी बखर ऐकली की सिंहासन बसलेल्याचा दगड करतं," साळुंकी म्हणाली. "जुना शाप आहे. कुणी खरी वाचली, तर आधीचेही सुटतील."

"आजवर सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही. खरी लिहायला माझं पीस घे, नागाची शाई आण, जादूगार घुमटनाथाचा कागद आण. पिसाची किंमत, तू केलेली एक खोडी कबूल कर."

"मी सोमाजीपंतांच्या पागोट्यात मुंगळे सोडले होते."

"किती?"

"मोजले नाहीत."

साळुंकीनं आनंदानं दोन पिसं दिली.

नाग शापित खजिन्यावर बसला होता. खजिना कुणालाच नको होता, म्हणून नाग कंटाळला होता. कुवलयेनं त्याला सात नाकांच्या राक्षसाची गोष्ट सांगितली. राक्षसाला सर्दी झाली आणि घरात रुमाल एकच, इथवर येताच नाग ढसाढसा रडला. ते अश्रू काळे होते. तीच शाई.

घुमटनाथ म्हणाला, "माझ्या कागदावर खोटं टिकत नाही. शेपटी कापून देऊ? लिहायला सोपं जाईल."

"शेपटी माझी आहे. तुम्ही दाढी कापा."

जादूगारानं विचार केला आणि कापली. आतून तीन मांजरं निघाली. खूश होऊन त्यानं कागद दिला.

कुवलयेनं लिहिलं, 'मला शेपटीची लाज वाटत नाही.' अक्षरं घसरून जमिनीवर पडली. पुन्हा लिहिलं, पुन्हा पडली. मांजरांनी ती खाल्ली. मग तिनं दात-ओठ खात दुसरं वाक्य लिहिलं. ते टिकलं.

राज्याभिषेकाच्या दिवशी ती सिंहासनावर बसली. सोमाजीपंतांनी बखर उघडली.

"मिटा ती," कुवलया म्हणाली. "माझी मी वाचते."

"प्रथा नाही!"

"आहे. आत्ता सुरू झाली." तिनं कागद उलगडला. "मी कुवलया. मला राग येतो. मी राक्षस रचते, उद्याही रचणार. मला शेपटी आहे."

पुढचं वाक्य आलं आणि ती थांबली. समोर सगळा दरबार. गाळलं तर कुणाला कळणार होतं? तोच पायाचा अंगठा गार पडला. मग टाच.

कुवलयेनं शेपटी उचलून सगळ्यांना दिसेल अशी मांडीवर घेतली.

"मला कधीकधी तिची लाज वाटते," ती ओरडून म्हणाली. "तरी ती माझी आहे. ज्याला बघवत नाही, त्यानं छताकडे बघावं!"

निम्मा दरबार छताकडे बघू लागला. अंगठा उबदार झाला. अंगणात धडाधड आवाज झाले आणि तीन राजे आत आले. पणजोबांनी खांद्यावरची कबुतरं झटकली. आजोबांनी जेवायला काय आहे ते विचारलं. बाप मात्र थेट सिंहासनापाशी आला.

"कुवले, तो डोंगर खाणारा राक्षस," तो म्हणाला. "परवा तू अर्ध्यात थांबलीस. त्याचं पोट दुखलं की नाही?"

"दुखलं, बाबा. बसा, सांगते."

त्या दिवसापासून त्या राज्यात ज्याची बखर त्यानंच लिहायची असं ठरलं. सोमाजीपंतांनीही स्वतःची लिहायला घेतली. पहिलंच वाक्य मुंगळ्यांबद्दल आहे, आणि ते टिकलंय.

राजे उठले, शाप फिटला, शेपटी तेवढी राहिली. तिच्या टोकाला गोष्ट संपली.